गंगुबाईची गुळणी

लग्न होऊन पहिलाच भाद्रपद. पडद्याआडून गंगुबाईनं भांडण ऐकलं, तेही स्वतःवरूनच.

"थोरलीच्या तोंडाक कुलूप नाय," सासू राधाबाई म्हणत होत्या. "गवर धाकटीच हाडतली."

"मान थोरलीचो," सासरे शामराव म्हणाले. "हाडू दे तिका."

"आणि वाटेत बोलली मगे?"

"मगे मान कायमचो धाकटीचो."

धाकटी म्हणजे जाऊ सुभद्रा. दोघींची लग्नं एकाच मांडवात झालेली.

घरची रीत अशी, की विहिरीवर तेरड्याची जुडी धुवायची आणि ती गौर तोंडात पाण्याची गुळणी धरून घरी आणायची. उंबऱ्यापर्यंत चकार शब्द नाही. आणि गंगुबाई तर झोपेतही बोलायची. मुंबईत करी रोडच्या त्यांच्या चाळीत पहाटे आधी गिरणीचा भोंगा वाजतो की गंगुबाई, यावर वाद होत.

साल छप्पन. गाल फुगवून गंगुबाई विहिरीवरून निघाली. मागं सुभद्रा, गुळणी सुटायची वाट बघत. वळणावर समोरून मोर्चा आला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गंगुबाईच्याही गळ्यापर्यंत घोषणा आली, पण वर पाणी.

"काय बाई, मिठाची गुळणी धरलीय काय?" मोर्च्यातल्या एकीनं टोमणा मारला.

गंगुबाईनं करावं काय? तिनं गौर डोक्यावर उंच धरली आणि दोनदा हलवली. लोकांना वाटलं, हा नवाच झेंडा. सगळा मोर्चा तिच्यामागं वळला. सुभद्रा कुठल्या कुठं मागं राहिली.

पोलिसांनी पुढारीण समजून तिला चौकीत नेलं. साहेबांनी नाव विचारलं. फुगलेले गाल. गाव विचारलं. फुगलेले गाल.

"पक्की आहे," साहेब म्हणाले. "फुटत नाही."

हवालदार दत्ताराम राजापूरकडचा. त्यानं तेरडा बघितला, गाल बघितले आणि पायातल्या वहाणा काढल्या. "साहेब, ही गौर आणतेय. गावी माझी आई पण आत्ता अशीच चालत असेल."

अनवाणीच, काठीनं गर्दी सारत, त्यानं दोघींना, म्हणजे गौरीला आणि गंगुबाईला, दारापर्यंत पोचवलं.

"कोण आली?" रिवाजाप्रमाणे राधाबाईंनी आतून विचारलं.

गंगुबाईनं गुळणी दारातल्या तुळशीत टाकली. "गौर आली."

"कशाच्या पावली?"

सोन्याच्या पावली, हे ठरलेलं उत्तर. पण इतका वेळ कोंडलेलं तोंड ते. "पोलिसाच्या पावली."

शामराव हसत मटकन खाली बसले. राधाबाई तिचे पाय धुताना म्हणाल्या, "गवर माहेराक येता. वाटेत तिका लोकांचा सुखदुःख ऐकूचा असता. आपणच बडबडलो तर ती काय ऐकतली? आज पोटभर ऐकल्यान."

मान गंगुबाईचाच राहिला, पुढं चाळीस वर्षं.

शेवटच्या वर्षी विहीर बुजलेली, गुडघे गेलेले. चाळीच्या नळावरच तिनं तेरडा धुतला. "दम लागला काय गो अक्का?" सुभद्रा मागून विचारत राहिली. गंगुबाईनं नुसता हात हलवला.

"कशाच्या पावली?" सुनेनं आतून विचारलं.

गुळणी तुळशीत पडली.

"पोलिसाच्या पावली," गंगुबाई म्हणाली आणि पाय धुवायला पुढं केले.