माईंच्या हातचे मांडे

माईंबद्दल फोन आला तेव्हा मी धूलकोटला एका लग्नाच्या पंगतीत बसले होते. शेजारणीच्या सुनेचा आवाज... "काकू, लवकर या. माई उठतच नाहीत." वाढलेलं ताट तसंच सोडून मी निघाले. बुऱ्हाणपूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. लग्नाला निघताना त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. "जा गं, लग्न आहे," त्या म्हणाल्या आणि मी गेले. ते मनातून जात नाही.

माई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर बहादरपूरचं, शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. मी मास्तरीण. दोघींचे नवरे गेले, मुलं इंदूरला राहिली, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. स्वयंपाकघर मात्र कायम त्यांचंच. सणाला त्या मांडे करायच्या. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पातळ वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. मांडा कधी फाटला नाही. मी शिकवा म्हटलं की म्हणायच्या, "तुझ्या हाताला खडूची सवय. राहू दे."

शेवटच्या दोन-तीन वर्षांत मात्र वेगळंच सुरू झालं. आमटी असो, पुरण असो, पळी माझ्यापुढे यायची. "चाखून देख. मीठ बराबर आहे?" पुरणात गूळ किती, जायफळ लागतंय का, सगळं मी सांगायचे आणि त्या घालायच्या. वय झालं, खात्री वाटत नसेल, असं मला वाटायचं...

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी घाईघाईत मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मला पहिलाच घोट थुंकावा लागला. समोर माईंचा कप संपत आला होता.

"माई, चहा कसा झालाय?"

"छान. रोजच्यासारखा."

माझं तोंड बघून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तीन वर्षांमागं तो मोठा ताप आला ना, त्यात जीभ गेली. ना चव, ना वास. सांगितलं असतं, तर चुलीपाशी बसू दिलं असतं का मला?"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. म्हटलं, सांगा, सुनांसाठी लिहून ठेवते. त्या हसल्या. "चव तर तुझ्याकडे आलीच. आता हात घे." आणि पहिल्यांदा त्यांनी गोळा माझ्या हातावर ठेवला. तो फाटला. पुढचेही फाटले... त्या चिडल्या नाहीत. "उन्हाळ्यात रोज बसू," म्हणाल्या. उन्हाळा लागायच्या आत गेल्या.

परवा आखाजी झाली, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांच्या नावानं घागर पुजायची, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. इंदूरला सुनेला फोन केला. "मम्मी, छुट्टी नाही मिळणार. तुम्ही मांडे ऑर्डर करून टाका ना, बाजारात तर मिळतात." तिचा राग आला नाही. चूल मीच पेटवली. सहा गोळे केले, सहाही फाटले. त्यातल्या त्यात बरा मांडा नैवेद्याला ठेवला. खापराला चिकटलेलं बाकीचं उलथन्यानं खरवडून ताटलीत घेतलं आणि तिथंच चुलीपाशी बसून खाल्लं.

गूळ, जायफळ, सगळं बरोबर होतं. अगदी माईंचं. ते सांगायला घरात कोणी नव्हतं.