जखमीला कोण उचलणार

“ह्येला कोण उचलतंय?” हवालदारानं विचारलं.

कुणीच पुढं आलं नाही.

मी मुरमावर उताणा पडलेलो. जखमी सैनिक म्हणून. एकानं जखमी व्हायचं, दुसऱ्यानं त्याला खांद्यावर टाकून मैदानाच्या टोकापर्यंत पळत न्यायचं, असा तो धडा होता. माझी जोडी दिनकरशी. दिनकर आमच्या गावच्या पाटलाचा पोरगा. पलूसजवळच्या आमच्या गावातनं आम्ही दोघं एकाच एसटीनं भरतीला आलो होतो.

दिनकर माझ्याकडं वाकलाच नाही. हवालदाराच्या कानाशी गेला, काहीतरी पुटपुटला. हवालदार उंब्रजकडचा, बागायतदाराच्या घरातला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मांगाचा व्हय रं तू? आदी सांगायचं न्हाईस?”

तो रांगेकडं वळला.

“ऱ्हाऊ दे. दिनकर, तू वाळूचं पोतं उचल. आन तू रं, ऊठ. तू बी पोतंच उचल. तुला माणूस कशाला पायजे?”

पोरं हसली. मी उठलो. पाठीला चिकटलेला मुरूमसुद्धा झाडला नाही.

एकाहत्तरचा हिवाळा होता. लढाई तोंडावर आलेली. कऱ्हाडच्या अलीकडं माळावर घाईनं तंबू ठोकून हे शिकवणीचं ठाणं उभं केलेलं. खऱ्या बंदुका थोड्या, म्हणून आम्ही लाकडी बंदुका घेऊन पळायचो. खंदक खणायचो. पायात बूट एवढे मोठे की आत चिंध्या कोंबायच्या. तळपाय सोलून निघायचे. त्याचं काही वाटत नव्हतं. तळपाय सगळ्यांचेच सोलत होते.

पण त्या दिवसापासून लंगरात माझ्या ताटात भाकरी वरनं पडायला लागली. नळावर माझी पाळी शेवटी. आणि रोज सकाळी तो जखमीचा धडा. सगळे, नवी जोडी मिळालेला दिनकरही, एकमेकांना उचलायचे. घामेजलेले, हसत, शिव्या देत. मी एकटा पोतं घेऊन पळायचो. मला कुणी उचलायचं नाही.

रेडिओवर बातम्या लागायच्या. शिकून झालेली पोरं ट्रकांनी सरहद्दीकडं जायची. माझं अन्न तुटलं. डोळ्यांपुढं एकच दिसायचं. कुठल्या तरी परक्या रानात मी पडलोय, आतडी हातात आलीत, आणि माझीच माणसं माझ्या बाजूनं पुढं निघून चाललीत.

एकदा नळावर दिनकरला गाठलं. “दिनकर, खरंच लढाईत पडलो तर उचलशील का रं मला?”

तो बूट धूत होता. वर बघितलंच नाही. “तवाचं तवा बघू की.”

ठाण्याचे मोठे साहेब पाहणीला आले त्या दिवशी पुन्हा तोच धडा. हवालदारानं मला पोत्याकडं बोट दाखवलं. मी मैदानाच्या मधोमध गेलो आणि आडवा झालो.

“ऊठ!”

“जखमी माणूस उठत न्हाई, उस्ताद.”

बुटाची लाथ बरगडीत बसली. श्वास अडकला. मी आभाळाकडं बघत राहिलो.

“उचला मला,” मी म्हणालो. “एकानं तरी उचला.”

ऊन चढलं. सगळी रांग उभी. दिनकरही. कुणी हललं नाही. शेवटी पहाऱ्यावरचे दोघं आले, माझे हात धरले आणि मला फरफटत नेलं. मैदानात कुणाचे हात माझ्या अंगाला पहिल्यांदा लागले ते असे. ओढताना विटाळ आडवा आला नाही.

साहेबांनी तंबूत बोलावलं. पुण्याकडचे, शांत बोलणारे.

“लढाईच्या दिवसांत जातीचं काढू नये. हवालदाराची माफी माग, विषय संपला.”

“जात म्या न्हाई काढली, साहेब.”

“माफी मागतोस का?”

“न्हाई.”

“मग घरी जा.”

बाहेर येऊन वळकटी बांधली. ह्या नोकरीच्या जिवावर बापानं सगळ्या मांगवाड्यात मान वर केली होती. घरी गेलो तर तो नुसता भिंतीला टेकून बसला. “माफी मागायची हुतीस रं,” एवढंच म्हणाला.

काही दिवसांनी दिनकर सुटीवर गावी आला. सरहद्दीवर जायच्या आधी गाव त्याची मिरवणूक काढणार होतं. पाटलाचा गडी आमच्या दारात उभा राहिला. “सांच्याला हलगी घिऊन या.”

बाप उठला. खुंटीवरची हलगी काढून जाळावर शेकायला लागला. मी त्याच्या हातातनं ती काढून घेतली.

“वाजणार न्हाई,” मी गड्याला म्हणालो. “आज न्हाई. तुमच्या लग्नाला न्हाई, जत्रंला न्हाई.”

“माज आलाय व्हय रं? पलटणीनं हाकलल्यालं कुत्रं!”

“आवं, पोराचं मनावर घिऊ नगा,” बाप हात जोडत होता. मग माझ्याकडं वळला. “आरं, गाव जगू द्यायचं न्हाई आपल्याला!”

खरं होतं ते. दिनकर हलगीविना गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या रानातलं काम तुटलं. बाप माझ्याशी बोलेना. आई पाणी पिऊन निजायला लागली. तिचा तो घोट ऐकू यायचा.

तरी हलगी मी बापाला परत दिली नाही. कुदळ उचलली आणि विट्याकडं रस्त्याच्या कामाला निघालो. मी कुठंही पडलो तर ही माणसं मला उचलणार नाहीत, हे आता मला पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून मीही ठरवलं. मरू, पण ह्यांच्यासाठी वाकणार नाही.