खाली आलेला आकडा

आमच्या घरात आकडा वाढवून लिहायची पद्धत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ऊसतोड कामगारांच्या चळवळीत आयुष्यभर राबले. मी अंकलिपीच्या आधी पत्रकं वाचायला शिकले. सात-आठ वर्षांची असताना मी आमच्या चौसाळ्याच्या घरात पत्रकांच्या घड्या घालत बसायचे आणि शाई बोटांना लागायची. एकदा मोर्चा होऊन गेल्यावर जे पत्रक निघालं, त्यात लिहिलं होतं, 'हजारोंच्या संख्येने.' मी विचारलं, "अण्णा, किती मानसं आलती?"

"असतील दोनेकशे."

"मग हजारो कावून लिवलं?"

ते हसले. "दोनशे लिवले तर सायब खुर्चीतून उठत न्हाई, माय. अन् आपलीच मानसं खचतेत. आकडा कधी खाली येऊ द्यायचा न्हाई."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला.

बारावीनंतर माझ्या हाडांतल्या मज्जेने, बोनमॅरोने, रक्त बनवणं थांबवलं. पुण्याच्या दवाखान्यात बोनमॅरो बदलायचं ठरलं. अण्णांचा बोनमॅरो अर्धा जुळत होता. त्यांनी तो दिला. पुढे माझा रक्तगटसुद्धा बदलून त्यांचा झाला, तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटले, "आता ती माझी लेक न्हाई राहिली, मीच हाय ती."

कित्येक महिन्यांनी मी घरी आले. जुन्या कागदांची धूळ आणि बुरशी माझ्या जवळपास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून अण्णांनी पत्रकांचे सगळे गठ्ठे टेम्पोत घालून घाटनांदूरला एका जुन्या सोबत्याकडे नेऊन टाकले होते. खोली रिकामी आणि चुन्याची पांढरी दिसत होती. त्या खोलीत मी खुर्चीवर बसले आणि मला उठता येईना. औषधांनी मांड्यांतला जीव काढून घेतला होता. एकोणीस वर्षांची मी, दोन्ही हात टेकल्याशिवाय उभी राहू शकत नव्हते.

बीडमध्ये व्यायाम करून घेणारे आहेत, पण गर्दीत बसायला मला मनाई होती. दर आठवड्याला पुण्याला जाणं होण्यासारखं नव्हतं. बरं व्हायचा हक्क फक्त पुण्यात राहणाऱ्यालाच आहे का, हा सवाल मला त्या दिवसांत रोज पडायचा. मग दवाखान्यातून फोन आला की बोनमॅरो बदललेल्या मुलामुलींसाठी मोबाईलवर व्यायामाचा वर्ग सुरू होतोय, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकरा वाजता. मी त्यात मोर्चात उतरावं तशी उतरले.

पडद्यावर सहा चौकोन असायचे. एका चौकोनात व्यायाम घेणाऱ्या मॅडम आणि पाचांत आम्ही, कुठल्या कुठल्या गावचे. सामान साधंच होतं: बिनहाताची खुर्ची, पलंगाच्या पायाला बांधलेला रबरी पट्टा, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा. पायरी चढ-उतार करायला अण्णांनी त्यांची पेटी दिली. गावोगावच्या चौकांत ज्या लाकडी पेटीवर उभं राहून ते बोलायचे, तीच. फिनाईलने तीनदा धुतलेली.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता आलं, किती धाप लागली आणि व्यायामानंतर ऑक्सिजन किती आला, हे दर वर्गानंतर लिहून पाठवायचं. आकडा वाढला तर आनंदच आहे. पण खाली आला, तर मला त्याच दिवशी कळला पाहिजे. नवा बोनमॅरो कधीकधी फुप्फुसावर उलटतो. ते आधी इथेच दिसतं, पायात आणि श्वासात. वेळेत कळलं तर थांबवता येतं."

मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

सुरुवातीला आकडा खराच वाढला. चारवरून सात, सातवरून दहा. शेजारच्या काकू नारायणगडाहून प्रसाद घेऊन आल्या. आईने त्यांना नेहमीप्रमाणे उंबऱ्यावरच थांबवलं. दारातून त्यांनी मला बघितलं आणि आईला म्हणाल्या, "पुन्याला नेऊन पोरगी नवी करून आनली म्हनं. अन् आता उठाबशा काढायला लावतेत? शाळंत काय चुकी केली तिनं?"

"मोबाईलातल्या मॅडमनी सांगितल्यात," आई म्हणाली.

"त्या मॅडमचं काय जातंय? पाय तर हिचे दुखतेत. आजारी मानसानं पडून ऱ्हावं, बाई."

मी खुर्चीवरूनच ओरडले, "काकू, पडून ऱ्हायले तर पडूनच ऱ्हाईन!" त्या रागावल्या. प्रसाद मात्र ठेवून गेल्या, जो मला खाता येणार नव्हता. त्या दिवशी मी बारा वेळा उठले. संध्याकाळपर्यंत हायवेवरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ते ठाऊक झालं. अण्णांनी सांगितलं होतं.

बारा हा माझा शेवटचा खरा आकडा.

आठवड्याभराने कोरडा खोकला सुरू झाला. बारकासाच. उठणं दहावर आलं. मी बारा लिहिलं. मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, उद्या भरून काढू. दुसऱ्या खेपेला नऊ झाले. बाराच्या खाली लिहिलं तर कालचं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून तेरा लिहिले. धाप दहापैकी सहा लागायची, मी तीन लिहायचे. ऑक्सिजन व्यायामानंतर बघायचा असतो, मी आधी बघायचे आणि तोच पाठवायचे.

हे आजारपणात सुचलेलं वेडेपण नव्हतं. मला हे चांगलं येत होतं. लहानपणापासून येत होतं.

तेरा आकडा बघून मॅडमनी व्यायाम वाढवला. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन उठायचं. मी कॅमेरा बंद करू लागले आणि नंतर सांगायचे की नेटवर्क गेलं होतं. चौसाळ्यात मोबाईलचा टॉवर आमच्या घराच्या मागेच आहे.

आई दाराशी सुपात ज्वारी निवडत बसायची. एक दिवस ती मान वर न करता म्हणाली, "तू आता तोंडानं श्वास घेतीस."

"व्यायाम हाय, आई. धाप लागनारच."

"आधी न्हाई लागायची."

"आधी सोपा व्हता."

सूप तिने नंतर पाखडलं नाही, नुसतं मांडीवर धरून ठेवलं.

वर्गाचा एक ग्रुप होता. वर्ग संपला की ज्याला वाटेल तो आपला आकडा तिथे टाकायचा. चंद्रपूरकडची एक सोळा वर्षांची मुलगी होती, ती रोज टाकायची आणि रोज कमी टाकायची. 'आज पाच. पाय म्हणजे नुसत्या भिजलेल्या वाती.' 'आज चार. खुर्चीनंच मला धरून ठेवलं.' आम्ही हसायचो. मग मी माझा तेरा टाकायचे आणि खाली तिच्यासाठी लिहायचे. पत्रकातली वाक्यं माझ्या हातात तयारच असायची. मागे हटणं आपल्या रक्तात नाही. जो थांबला तो हरला. ऊठ, तुझ्या पायांचा हक्क तुलाच मिळवायचाय. स्वतःच्या श्वासाला भिणारी मी हे तिला लिहीत होते.

एका सोमवारी तिचा चौकोन दिसला नाही. मॅडमनी विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. वर्गानंतर मला एकटीला तिचा मेसेज आला.

'ताई, मी सोडतेय. तुम्ही माझ्याबरोबरच सुरुवात केलीत आणि तेरावर गेलात. मी मन लावून करते तरी चारच होतात. माझ्यातच काही कमी असेल. तुमचे मेसेज वाचले की रडू येतं. रागावू नका.'

मी तो मेसेज उभ्याने वाचायला घेतला होता. संपेपर्यंत बसले होते. अण्णा समोरच पेपर वाचत होते.

"अण्णा, मी खोटे आकडे लिवले."

त्यांनी पेपर खाली केला. "कसले?"

"उठायचे. तेरा न्हाईत. सात हायेत. परवा सहाच झाले."

"कधीपसून?"

"महिना झाला."

पेपर बाजूला ठेवून ते उठले. मग ते म्हणाले, "मी शिकवलं ते मोर्चाचं व्हतं, माय. अंगाचं न्हाई."

"तुमी फरक सांगितला न्हाई."

"तितं दोनशे मानसांना कुनी इचारत न्हाई, म्हनून लिवावं लागतं."

"मला इचारत व्हते, अण्णा." माझा आवाज चढला आणि त्याच्यामागे खोकला आला. तो थांबेपर्यंत ते हात पुढे करून तसेच उभे राहिले. "सारखं इचारत व्हते. आठवड्यातनं तीन दिवस एक बाई पुन्यात बसून माझा आकडा मागत व्हती. चार सांगितला असता तरी ती खुर्चीतून उठली असती. असा सायब तुमाला कधी भेटलाय का?"

भाषण न करता अण्णा इतका वेळ उभे राहिलेले मी पहिल्यांदा बघितले.

बुधवारी वर्ग सुरू होताच मी माईक चालू केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पत्रकासारखं नाही सांगता आलं, मधेमधे श्वास घ्यावा लागत होता. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आत्ता खुर्ची जवळ आहे? बस. बाटल्या नकोत. मी मोजते."

सहा झाले. सहाव्याला मी अर्धीच उठले होते, पण त्यांनी तो धरला.

"चिमटा लाव. आकडा कॅमेऱ्याला दाखव."

नव्वद होता. बाकीचे चार चौकोन हलत नव्हते. मॅडम म्हणाल्या, "अण्णांना फोनवर बोलाव." अण्णा दारातच होते. "उद्या सकाळी इथे या," मॅडम म्हणाल्या. "परवा नाही. उद्या."

पुण्यात मला नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. मी फुंकत राहिले आणि पडद्यावरची रेष वर जाण्याआधीच खाली वाकत राहिली. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. नवा बोनमॅरो माझ्या फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना परकं समजून त्यांच्यावर चालून गेला होता. जेवढं आकसलं ते बहुधा परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं. औषधं वाढतील, व्यायाम चालू ठेवायचा, पण मोजून आणि खरा.

"म्हंजी माझंच रक्त," अण्णा म्हणाले.

"तसं मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "त्याच रक्तावर ती जिवंत आहे."

मी विचारलं, "महिन्यापूर्वी आले असते तर?"

डॉक्टरांनी कागद नीट केले. "सांगता येणार नाही."

हा 'सांगता येणार नाही' मी बरोबर घेऊन आले. तो कुठल्या गठ्ठ्यात बांधून घाटनांदूरला पाठवता येत नाही. मी ज्या गोष्टींवर आजवर चिडत आले, त्या सगळ्या अजून तशाच आहेत आणि मी अजून चिडते. दवाखाने दूर आहेत, सोयी शहरात आहेत, गावातल्या आजाऱ्याला पडून राहा म्हणतात. पण मला जे मिळालं होतं ते कुणी हिरावून नेलं नव्हतं. ते मीच वाया घालवलं. हे लिहिताना बोट दाखवायला समोर कुणी सापडत नाही.

वर्ग चालू आहे. आता अण्णा दाराशी उभे राहून मोजतात, मास्क लावून, घोषणेच्या आवाजात. आधी मला त्या आवाजाची भीती वाटली होती की तो एखादा आकडा जास्तीचा घेईल. घेत नाही. अर्धवट उठले तर ते मोजतच नाहीत, मॅडम तरी मोजतात. आई त्यांना म्हणते, "एवढं काटेकोर कावून? एक दिला तर काय बिघडतंय?" अण्णा तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

चंद्रपूरकडची ती मुलगी परत आलेली नाही. तिच्या घरी मॅडमनी फोन केला होता, एवढंच मला माहीत आहे. मी तिला सगळं लिहून पाठवलं आणि माफी मागितली. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तेव्हापासून वर्ग संपला की मी तिला फक्त आकडा पाठवते, खाली एकही वाक्य न लिहिता. सहा. पाच. सहा. पाच.

आज चार झाले. अण्णांनी चार म्हटलं आणि थांबले. मी आधी मॅडमना कळवलं, मग तिला पाठवलं. खुणा निळ्या झाल्यात.