खाऱ्या पाण्याचा नागोबा

आधी कबूल करून टाकते. ती वाम म्हणजे नागोबा आहे, हे आमच्या घरात पहिल्यांदा मीच म्हणाले. बाकीच्यांनी पुढं जे केलं ते केलंच, त्यांना मी सोडणार नाही, पण सुरुवात माझ्या तोंडची होती.

साताऱ्यात आमचं वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार काढून नवी गुंडाळायची. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक. पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या गोळा करणारी बाई, असं म्हटलं तरी चालेल. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. सासरे गेल्यावर आत्या दहिवडीकडचं गाव सोडून आमच्याकडं राहायला आल्या. त्या आल्या आणि वर्षभरात माझं पाच महिन्यांचं मूल पोटातच गेलं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तसं कळणारी त्या घरात मी एकटीच होते, एवढंच.

त्यानंतर मी भिंतीकडं तोंड करून पडले ती पडलेच. शाळेची रजा संपली, बिनपगारी सुरू झाली. नवरा बोलघेवडा नाही. एका रविवारी तो टेम्पोतून जाड काचा घेऊन आला आणि हॉलमध्ये बसून सिलिकॉननं चिकटवायला लागला. मी विचारलं, हे काय. तर म्हणाला, "लग्नानंतर मुंबईला मत्स्यालयात तू दोन तास एकाच काचेपुढनं हालली न्हाईस. म्हटलं, घरातच करू." मी उठून बसले ती त्या दिवशी. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे घरात दुसरा संसार. फिल्टरच्या पाण्याचे जार आणायचे, त्यात पुण्याहून आणलेलं समुद्री मीठ मोजून कालवायचं, खारटपणा काट्यावर बघायचा. मग तीन-चार आठवडे नुसतं पाणी फिरवत ठेवायचं, आत मासा नाही की काही नाही. गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या, "पाणीच पाळलंय व्हय?" म्हणायच्या. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वर पंखा. लाईट गेली तर पंप चालावा म्हणून नवऱ्यानं बॅटरी जोडलेली. उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं, म्हणून वरून भरताना साधं पाणीच भरायचं, हे त्याला मी एकदाच सांगितलं आणि तो कधी चुकला नाही. मिठाचं गणित त्याला माझ्याइतकंच येत होतं. हे ध्यानात ठेवा.

समुद्रातून पोवळं तोडून आणणं गुन्हा आहे. माझं पोवळं पुण्यातल्या एका शौकिनानं स्वतःच्या टाकीत वाढवलेलं, त्यानं अंगठ्याएवढा तुकडा दिला. हिरव्या बटणांसारखं. दिवा लागला की उमलायचं, विझला की मिटायचं. दोन वर्षांत त्यानं अर्धा दगड झाकला. लोकांना ते झाड वाटायचं. तो प्राणी आहे म्हटलं की माझ्याकडं बघून हसायचे.

आणि मग वाम, सापासारखा लांबुळका मासा. नदीतली नव्हे, समुद्रातली. काळ्या-पांढऱ्या नक्षीची, हातभर लांब, पिवळ्या ठिपक्यांची. तोंड सारखं उघडायची-मिटायची. लोकांना वाटायचं डसायला बघतेय. बिचारी श्वास घेत असायची. तिला नीट दिसायचंही नाही, सगळा कारभार वासावर. मी चिमट्यात कोळंबी धरली की दगडाखालून डोकं काढायची, दोनदा चुकायची, तिसऱ्यांदा धरायची. मला तिचं ते चुकणं फार आवडायचं.

आत्यांनी बघितली आणि पदर तोंडाला लावला. "ह्यो साप हाय. पोराबाळाची वाट बघणाऱ्या घरात साप आणलास? उद्याच्या उद्या परत कर."

मी प्राणिशास्त्र सुरू केलं. कल्ले, पर, मासा कशाला म्हणतात. आत्या ऐकेनात. तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली. म्हणाले, "आत्या, आवं हा नागोबाचाच भाऊ हाय. समुद्रातला. शेषाच्या घरचा. ह्याला परत पाठवायचा व्हय?"

काम फत्ते. आत्यांनी तिथंच हात जोडले. मी आत जाऊन तोंडावर हात ठेवून हसले. वाटलं, काय शहाणी मी.

त्या वर्षीच्या नागपंचमीला टाकीच्या काचेवर हळदी-कुंकू लागलं. पुढं दुधाची वाटी आणि लाह्या. गल्लीतल्या बायका ताट घेऊन वर आल्या, पोरं काचेला नाक लावून उभी. मी झाकणाला दोन क्लिपा जास्तीच्या लावल्या आणि दूध आत ओतू नका, नागोबाला सर्दी होते, असं ठोकून दिलं. श्रावणात आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही, म्हणून कोळंबीचा डबा शेजारच्या भाभींच्या फ्रीजमध्ये असायचा. भाभी कपडे शिवायच्या. त्यांना ह्या सगळ्याची भारी मजा वाटायची. "तुमच्या नागोबाचा डबा न्या," म्हणायच्या, "उपास सोडवा त्याचा."

अशी तीन वर्षं गेली. मजेचीच म्हणायची. फक्त मूल होत नव्हतं. त्याच काळात सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडं आमच्या खेपा चालू होत्या. इंजेक्शनं, सोनोग्राफी, पुन्हा इंजेक्शनं. माझी बहीण सांगलीत होती, तिच्याकडं मुक्काम. पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. दोन्ही वेळा घरी आले तेव्हा आत्या टाकीसमोर बसलेल्या.

पहिल्या खेपेला म्हणाल्या, "नागोबा अजून पावला न्हाई." दुसऱ्या खेपेला बोलणं फिरलं. "पावंल कसा? कोंडून घातलाय त्याला. देवाला डब्यात घालून वर झाकण लावलंय हिनं. शाप लागंल न्हाई तर काय व्हईल?" त्या वाईला जाऊन एका गुरुजींना विचारून आल्या. घरात नाग कोंडलाय, काय करावं? गुरुजी म्हणाले, मोकळा करावा. कोण काय म्हणणार दुसरं? घरात साप नाही, मासा आहे, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी भांडले. ताटंबिटं आपटली. आत्यांना म्हणाले, "मासा हाय तो. मी खोटं बोलले होते तुमच्याशी. गोड्या पाण्यात सोडला की मरतो." तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आता न्हाई पटायचं बाई. तवा खरं बोललीस, आता सोडायचं जिवावर आलंय म्हणून खोटं बोलतीस." माझेच शब्द, माझ्याच तोंडावर फेकलेले.

त्या रात्री नवऱ्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं. त्यानं माझा हात धरला. "मी हाय की. तुझी वाम कुठं जात न्हाई." बास. मी निर्धास्त झाले. त्याच्या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास टाकायची. अंगठा उठवायला सांगितला असता तर तोही उठवला असता.

तिसरा प्रयत्न श्रावणात आला. आम्ही दोघं सांगलीला गेलो. त्याचं काम एका दिवसाचं, ते उरकून तो दुकानासाठी साताऱ्याला परतला. मी बहिणीकडं राहिले. पाच दिवसांनी गर्भ आत ठेवायचा होता. मधे नागपंचमी आली. मी फोनवर म्हटलं, झाकणाच्या क्लिपा बघा, कोळंबी भाभींकडं आहे. तो "व्हय" म्हणाला. पाचव्या दिवशी तो आला तेव्हा कपाळाला मोठा टिळा होता आणि हातात खोबऱ्याचा प्रसाद. मी खाल्ला. कुठल्या देवाचा ते विचारलंही नाही.

घरी आल्यावर जिना सावकाश चढले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन आठवडे जपा, जड उचलू नका, मन शांत ठेवा. हॉलमध्ये दिवा लागलेला, पोवळं उमललेलं, पंप चालू. झाकणाच्या क्लिपा एकीकडं नीट रचून ठेवलेल्या. मी चिमट्यानं दगड हलवला. सगळे दगड हलवले.

नवरा दारात उभा राहून चपलेकडं बघत होता. आत्या आतून म्हणाल्या, "गंगेला सोडला. वाईच्या घाटावर. पूजा करून, ओटी भरून. लय शांतपणे गेला, मागं वळून बघितलंबी न्हाई."

भाभी नंतर सांगायला आल्या. पंचमीला सकाळीच तो बादली घेऊन उतरला. बादलीला हळदी-कुंकू, वर फुलं, मागून आत्या. "मी विचारलं, किधर ले जा रहे? तर म्हणाले, डॉक्टरकडं." भाभींच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मला ते काढायची बंदी होती.

शाळेत पोरं मनुकांचा प्रयोग करतात. मनुका साध्या पाण्यात टाकायच्या, तासाभरात टरारून फुगतात. खाऱ्या पाण्यातला जीव नदीत टाकला की त्याचंही तेच होतं, पाणी आत शिरत राहतं. मनुकांना कळत नाही, ह्याला कळतं. आत्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी मनापासून एका देवाला घरी पोचवलं, त्यांच्यावर मी फार दिवस चिडू शकले नाही. पण जो माणूस पाच वर्षं काट्यावर मीठ बघत होता, तो कृष्णेच्या पायरीवर बादली वाकडी करताना काय बघत होता?

मी हेच त्याला विचारलं. आवाज न चढवता विचारलं, कारण पोटात ते होतं, असलं तर. तो म्हणाला, "तू ताण घेऊ नकोस." परत विचारलं. "तू पड आता," म्हणाला. घरातला प्रत्येक माणूस मला पडायला सांगत होता. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि मी उशीवर डोकं ठेवून छताचा पंखा बघत होते. आयुष्यात एवढा राग मी कधी गिळला नाही.

गर्भ राहिला.

आत्यांनी गल्लीत पेढे वाटले. पंधरवड्यात गुण आला, असं त्या ज्याला त्याला सांगत. तीन वर्षांची इंजेक्शनं, मांडीवरच्या काळ्यानिळ्या गाठी, डॉक्टरीणबाईंचे हात, सगळं एका बादलीपुढं पालथं पडलं. बायका माझ्या पाया पडायला यायच्या. खरं काय ते सांगून बघितलं एकदोघींना. "असंल ताई," म्हणाल्या, "पण आधी दोनदा कसं न्हाई राहिलं मग?"

नऊ महिने मी हॉलमधल्या पलंगावर होते, टाकी समोर. जार उचलायला मला मनाई. नवरा आधी पाणी बदलायचा, मग आठवड्याचं पंधरा दिवसांवर गेलं, मग राहिलंच. त्याला टाकीकडं बघवत नव्हतं, हे मला दिसत होतं. पोवळं एकेक बटण करून मिटलं. कडेनं पांढरं पडलं, मग त्याचा चिकट लगदा झाला आणि दगड उघडा पडला. सातव्या महिन्यात त्यानं पंप बंद केला.

मुलगी आता चार वर्षांची आहे. गोरीगोमटी, हट्टी, माझ्यासारखी तोंडाळ. ह्या नागपंचमीला आत्यांनी तिला मांडीवर घेऊन सगळी कथा सांगितली. तुझ्या बानं नागोबा गंगेला सोडला, म्हणून तू आलीस. पोरगी हरखून बापाकडं बघत होती. तो उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा तो त्याबद्दल आपणहून बोलला.

"मरंल हे मला ठावं हुतं. बादलीतनं बाहेर पडल्यावर दोन पायऱ्या पुढं गेली आणि तिथंच वळवळाय लागली. आई डोळं मिटून हात जोडून उभी. मी शेवटपर्यंत बघत हुतो." मग म्हणाला, "शापाचं खोटं वाटत हुतं मलाबी. पण म्हटलं, तिसरी बारी हाय, एवढंच राहिलंय करायचं. तुला विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली गल्लीत बायका ताटं घेऊन चालल्या होत्या. पाच वर्षं ह्या माणसाला मनात मी काय काय बोलले होते. सांगलीच्या त्या पलंगावर, पाय वर बांधलेले असताना, मला कुणी विचारलं असतं ना, वाम सोडू का, तर मला गुरुजी, मीठ, मनुका काही आठवलं नसतं. सोडा म्हणाले असते. लगेच सोडा म्हणाले असते. त्यानं विचारायला पाहिजे होतं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तेवढंही मी त्याला म्हणू शकले नाही.