घड्याळ लावून पाहिलेला निचरा

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एक सपाट काळं रान आहे. त्याला तळ्यातलं म्हणतात. तळं मी पाहिलेलं नाही, वडिलांनीही पाहिलं नव्हतं. कधीतरी बांध फुटला, गाळ साचला आणि त्याचं शेत झालं, एवढंच ऐकून आहे. त्यात आमचे दोन एकर. वरच्या मुरमाड उतारावर आणखी दोन. वडील गेल्यावर या चार एकरांची माझ्यात आणि माझ्या मोठ्या बहिणीत वाटणी झाली. ती मी केली.

तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आमच्याकडे बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेतात आणि साडीचोळी देऊन तिची बोळवण करतात. मी सही मागितली नाही. बाई (आम्ही मोठ्या बहिणीला बाईच म्हणतो) नवरा गेल्यावर माहेरी परतली होती. वडिलांच्या शेवटच्या नऊ वर्षांत शेतात त्यांच्याबरोबर तीच राबली. मी बुलढाण्याला नोकरीत. निम्मं तिचं, याबद्दल मनात किंतु नव्हता. प्रश्न एवढाच होता की कोणतं निम्मं.

मोजल्याशिवाय मी काही ठरवत नाही. दोन्ही तुकडे गुंठ्यापर्यंत सारखे भरले. मग खोली पाहिली. वरच्या रानात दीड फुटावर मुरूम लागला. तळ्यातल्या रानात इतक्या खोल भेगा पडलेल्या की चार फुटी सळई एका भेगेत सबंध गेली. राहिला निचरा. दोन्ही रानांत तीन-तीन खड्डे खणले, प्रत्येकात दोन बादल्या पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसलो. वरच्या रानात पाणी जिरायला पस्तीस मिनिटं लागली, तळ्यातल्या रानात सात. दिवस वैशाखाचे होते. वहीत तारीखसुद्धा नीट लिहिलेली आहे. महिन्याचा विचार मात्र मी केला नाही.

बाई बांधावर बसून पाहत होती.

"बाबा तिथं चौमासात पाय ठेवत नव्हते," ती म्हणाली.

"का ठेवत नव्हते?"

"का म्हंजे? नव्हते ठेवत."

"सवय होती ती त्यांची. हे बघ, सात मिनिटं. इतकं पाणी पिणारी जमीन चार महिने पडीक ठेवायची म्हणजे काय?"

वडील तळ्यातल्या रानात फक्त हरभरा किंवा ज्वारी घ्यायचे, तीही पाऊस सरल्यावर. पावसाळाभर ते रान उघडं. अख्ख्या तळ्यात सगळ्यांचंच तसं. मला तो आळस वाटला.

बाईनं वही हातात घेतली, आकडे पाहिले आणि परत दिली. "तू म्हनतं तं असन. तू शिकेल आहे."

तळ्यातले दोन एकर मी तिला दिले, मुरमाड स्वतःला ठेवलं. चांगलं ते तिला दिलं, असं मी मनापासून मानत होतो. बायकोलाही तसंच सांगितलं. शिवाय बाईला सांगून आलो, "पडीक ठेवू नको, सोयाबीन पेर."

तिनं पेरलं. उगवण चांगली झाली. पहिल्या दोन पावसांचं पाणी भेगांनी पिऊन टाकलं. मग माती फुगली, भेगा मिटल्या आणि त्यानंतर त्या रानात एक तांब्याही जिरेना. श्रावणात मी सुट्टी काढून गेलो, तेव्हा पाणी अकरा दिवसांपासून उभं होतं. दिवस बाईनं मोजले होते, मी नव्हे. पिकाची पानं पिवळी पडलेली. एक झाड उपटलं तर मुळ्या काळ्या निघाल्या आणि हाताला गटाराचा वास आला. चिखल पोटरीपर्यंत. चप्पल रुतली ती काढताना पट्टा तुटला.

कृषी कार्यालयातले एक ओळखीचे गृहस्थ पाहायला आले. त्यांनी फावड्यानं मांडीइतकं खोल खणलं. खाली माती काळी नव्हती, निळसर राखाडी होती आणि तिच्यात गंज चढल्यासारखे तांबूस ठिपके होते. "पाणी दरसाल इथवर साचतं, त्याची ही खूण," ते म्हणाले. "ही माती पाणी धरते, सोडत नाही. वाफसा येतो उशिरा आणि टिकतो दोन दिवस. त्या दोन दिवसांत औत घातलं तर ठीक, नाहीतर एक तर चिखल, नाहीतर दगडासारखी ढेकळं." मी त्यांना वही दाखवली. ते हसले. "साहेब, तुम्ही पाणी भेगांत ओतलं. जमिनीत नाही."

खणायचं तर मी वैशाखातही खणलं होतं. ठिपके तेव्हाही असणार. मी दीड फुटावर थांबलो, कारण वरच्या रानातले खड्डे दीड फुटांचे होते आणि तुलना सारखी व्हायला हवी होती.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. धाडच्या बाजारातून जीपनं गावी येताना शेजारच्या शेतकऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय साहेब, घड्याळानं जमीन वाटली म्हने? मंग बहिनीचं घड्याळ मागं होतं का?" जीपभर हशा. त्यात माझ्याविषयी एक ठाम समजूत होती: शिकलेल्या माणसानं हिशेब दाखवून बहिणीला दलदल दिली. मी खरं सांगितलं असतं, तरी तेच ऐकू आलं असतं.

बाईला मी म्हणालो, "अदलाबदल करू. वरचं तू घे."

"तू फसवलं असं मी नाई म्हनत," ती म्हणाली. "लोक म्हनतात, मी नाई. पन मी बाबासंग नऊ साल त्या रानात राबली. मले एकदा तं पुसाचं होतं."

"तू बोलली होतीस ना, बाबा पाय ठेवत नव्हते म्हणून."

"हाव, बोलली. अन तू वही दाखवली."

मी अदलाबदलीचा कागद तयार करून नेला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "उभयतांच्या सोयीसाठी." बाईनं तो शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि मला परत दिला.

"सोय कायची? खरं काऊन बदलून राह्यला ते लिही. जमीन जे करत होती तिले पुसलं नाई, घड्याळाले पुसलं. हे लिही, मी आंगठा नाई, सही करतो."

कागद करणाऱ्याला मी विचारलं. तो म्हणाला, असं कारण लिहायला हरकत काही नाही, पण कशाला लिहिता, चार जण वाचतील. मीही तेच मोजत होतो, किती जण वाचतील ते. तलाठी, दोन साक्षीदार, मास्तर आणि त्यांच्याकडून सगळं गाव.

याला तीन पावसाळे झाले. बाईनं दुसऱ्याच वर्षी वडिलांचा शिरस्ता पुन्हा धरला. चौमासा रान उघडं, दसऱ्यानंतर हरभरा. हरभरा बरा येतो. पण वर्षाचं एकच पीक, तेही वाफसा साधला तर. माझ्या मुरमाडात मी सोयाबीन घेतो आणि मागून हरभराही. ती भाऊबीजेला येत नाही. मी गेलो तर चहा देते, ओवाळायला पाट मांडत नाही.

कागद माझ्या कपाटात आहे. जुनं कारण मी खोडलं आहे. त्या ओळीवर तिचे शब्द लिहायला चार मिनिटंही लागणार नाहीत आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. मी अजून लिहिलेले नाहीत.