गुळवेल तोडताना

वडिलांनी औषधाचं नळकांडं वहिनीच्या हातात दिलं. मी ओसरीवर बसले होते. वहिनीने ते पदराला पुसलं आणि ती गोठ्यात गेली.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, म्हणून मीही.

नळकांडं वेळूचं होतं, एका टोकाला तिरपं कापलेलं. त्यातून वडील गुरांना गुळवेलीचा काढा पाजत. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पोळ्याच्या मागेपुढे. गुरं आजारी पडली म्हणून नाही. पडू नयेत म्हणून, अंगात ताकद राहावी म्हणून. गुळवेल ठेचायची, शेवग्याचा पाला आणि हळद घालून उकळायची, निवल्यावर गूळ घालायचा. त्या वर्षी पैठणच्या बाजूच्या गावांत लंपी आली होती. जनावरांच्या अंगावर गाठी उठत होत्या. सरकारी डॉक्टर लस टोचायला आले तेव्हा वडिलांनी स्वतः एकेक गाय धरून दिली. लस आणि काढा यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही. पण आता त्यांच्या हाताला कंप सुटला होता. काढा पाजताना गायीचं तोंड जास्त वर गेलं तर तो श्वासात उतरतो, आणि मग औषधच जिवावर बेततं. म्हणून त्यांनी ते काम सोडलं. सोडताना माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहावं असं काही कारण नव्हतं, हे मला कळत होतं. मी शहरात राहते, गारखेड्यात, दुसऱ्या मजल्यावर. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आमच्याकडे जनावरांचं औषध लेकीला शिकवत नाहीत. लेक दुसऱ्याच्या घरी जाते आणि औषध तिच्याबरोबर जातं. मी लग्न केलं नाही, कुठल्याच घरी गेले नाही. पण रीत एवढ्या बारकाईने कोणाकडे बघत नाही.

संध्याकाळी मी वडिलांना विचारलं, "दादा, मला नाही का शिकवायचं?"

"तुला?" ते हसले. "गॅलरीत म्हैस बांधणार हाय का तू?"

"बांधू द्या की मामंजी," वहिनी चुलीजवळून म्हणाली. "लिफ्टनं नेऊ वर. शेण तेवढं खालच्या बिऱ्हाडाला."

दोघांचं हसणं बरोबर सुरू झालं आणि बरोबर थांबलं. नळकांड्याचा हेवा मला नंतर वाटला. आधी त्या हसण्याचा वाटला.

लहानपणी गुळवेल आणायला वडिलांबरोबर मी जात असे. भावाला त्याचा कंटाळा होता. ओढ्याकाठी एक जुना निंब होता, आणि निंबावर चढलेली गुळवेल सगळ्यांत चांगली असं वडील मानत. पहिल्या दिवशी झाडाखाली पोचल्यावर ते म्हणाले, "वेल तोडताना बोलायचं नाय." मी बोलले नाही. घरी येईपर्यंत बोलले नाही. ते विळ्याने वेल कापत, मी खाली पिशवी धरून उभी राही. बोटाएवढ्या जाड कांड्या पडत. त्यांची साल कागदासारखी सुटे. त्या गप्प राहण्यात मला केवढंतरी मिळत असे. पुढे शाळेत, शहरात, नोकरीत कोणी मला अबोल म्हटलं की मला वाटे, हे मी वडिलांकडून घेतलं आहे. भावाकडे शेत होतं, नाव होतं. माझ्याकडे हे होतं. सुट्टीत आले की आम्ही दोघं ओढ्यावर जात असू आणि तसंच, एकही शब्द न बोलता, परत येत असू.

नळकांडं दिल्यानंतर वडील वहिनीला घेऊन ओढ्यावर गेले. आमच्या ओसरीवरून तो निंब दिसतो. मी बसून पाहत होते. वहिनी बोलत होती. तिचं माहेर फर्दापूरकडचं; लेण्यांवर येणाऱ्या परक्या माणसांना काकड्या विकत ती मोठी झाली, तिला कोणाशीही बोलता येतं. आणि वडील तिला उत्तर देत होते, निंबाखाली, हातात वेल धरून. मध्येच त्यांनी हात उंच करून काहीतरी सांगितलं आणि वहिनीने तोंडाला पदर लावला. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. मी आत जाऊन पुस्तक उघडलं. बराच वेळ तेच पान समोर होतं.

पुढच्या थंडीत वडील गेले. पाहुणे आले आणि परतले. मी रजा वाढवून राहिले. घरात सगळे रडून झाले होते. मला रडायला वेळ लागतो. एका सकाळी मी गोठ्यात गेले. वहिनी शेण काढत होती.

"दादा तुझ्याशी एवढं काय बोलायचे?"

"कवा?"

"गुळवेल आणायला जायचात तेव्हा."

"कायबी. म्हशीचं, भावकीचं. माझ्या माहेरची टिंगल तर लई. तुमच्याकडं माणसं घरात ऱ्हातेत का लेण्यात, म्हणायचे."

"वेल तोडताना बोलायचं नसतं," मी म्हणाले.

वहिनी वाकलेली सरळ झाली. "कोण म्हणलं?"

"दादाच."

"ते व्हय." तिने मनगटाने कपाळ पुसलं. "ते तुमच्या लहानपणीचं. त्या निंबाला मोहोळ हुतं म्हणं. लेकरांनी कालवा केला की माशा उठायच्या. मोहोळ जाऊन जमाना झाला, ताई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी बी तेच इचारलं त्यान्ला. म्हणले, तिला गप ऱ्हायला आवडतं. कशाला उगं बोलतं करायचं."

म्हणजे ते माझी आवड जपत होते आणि मी त्यांचा नियम. दोघंही एवढी वर्षं एकमेकांचं मन राखत त्या झाडाखाली उभे होतो. हे कळल्यावर वहिनीबद्दलचा हेवा कमी व्हायला हवा होता. तो वाढला. काही गुपित असतं, वंशाचं काही ठेवणीतलं ज्ञान असतं, तर ते तिला मिळालं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण त्यांनी तिला दिल्या त्या गप्पा होत्या. म्हशीच्या, भावकीच्या. त्या मला फुकट मिळाल्या असत्या.

"चला, दावते तुम्हाला," वहिनी म्हणाली. "लपवून ठिवायसारखं काय हाय त्यात?"

तिने दाखवलं. ओढ्यावर जाताना आणि येताना ती बोलत राहिली, मी हूं म्हणत राहिले. काढा निवल्यावर तिने नळकांडं माझ्या हातात दिलं. "जीभ वढू नका. गालाच्या कडंनं घाला, दमानं." गायीने मान फिरवली आणि अर्धा काढा माझ्या साडीवर गेला.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तिला माझ्या हाताची सवय हाय."

तिने उरलेला काढा पाजला. गाय तिच्यापुढे हलली नाही.

गोठ्यात आता दोन गाई आणि एक कालवड आहे. काढा कसा करायचा ते मला येतं. तो वहिनी पाजते. मला तिचा हेवा वाटतो.