खाडीतला पांढरा डाग

धाकूचा दिवस पाण्यावर ठरे. अमावास्येला तो पहाटे चारला उठे, अष्टमीला आठ वाजले तरी घाई नसे. दिवा स्टेशनाजवळच्या खाडीत होड्या घालणाऱ्या कोळ्यांचं घड्याळ तेच. नव्वद सालच्या हिवाळ्यात आमच्या सर्वेच्या ऑफिसने त्याला होडीसकट अठरा दिवस कामावर ठेवलं. मी त्या ऑफिसात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होतो. पेट्या उचलायच्या, काठी धरायची, चिखल धुवायचा.

काम साधं होतं. थंडीत खाडीचं पाणी गार पडतं, जमिनीखालचं कोमट राहतं. ते जिथे खाडीत झिरपतं, तिथे विमानातून काढलेल्या उष्णतेच्या फोटोत पांढरा डाग दिसतो. फोटो आधीच एका पहाटे काढून झाले होते. त्यात सात डाग निघाले. प्रत्येक डागावर होडीने जायचं आणि पाणी खरंच गोडं आहे का ते बघायचं.

सातवा डाग धाकूच्या गावासमोर होता. गावाने दोन विहिरी खणल्या होत्या, दोन्ही खारट. बाया हंडे घेऊन स्टेशनच्या नळापर्यंत जात. डाग खरा ठरला तर गोडं पाणी गावाखालून कुठल्या वाटेने येतं ते कळणार होतं. धाकूचा जीव त्या डागात होता.

आमच्या सर्वेचे प्रमुख कर्णिक साहेब, त्यांनी तारीख लावली ती नेमकी अष्टमीची. धाकूने सांगून पाहिलं की भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी पुरतं ओसरत नाही, तळ उघडा पडत नाही. साहेबांनी वेळापत्रक पुढे केलं. गेलो. पाण्याचा खारेपणा मोजणारा मीटर खारंच दाखवत राहिला. कुठल्या तरी कारखान्याचं गरम पाणी असेल, असं म्हणून साहेबांनी नकाशावर त्या डागाच्या जागी पेन्सिलने फुली मारली.

धाकूने वल्हं थांबवलं.

"सायब, फोटू काढला तवा सुकती पुरी होती, तल उघडा होता. आज अर्ध्या पान्यावर आलाव. पानी तुमच्या कागदावर चालंल काय?"

"मग कधी यायचं?"

"अवसेला. खारं निघालं तर अठरा दिसांची मजुरी नको मना."

काठावर आल्यावर मी म्हटलं, वैनी आता तुला होडीतच झोपवतील. तो म्हणाला, आजवर तिथेच झोपलोय.

अवस म्हणजे उधाण, भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या, मासळीचा दिवस. बाकीच्या होड्या जाळी घेऊन गेल्या, धाकू आमच्यासाठी थांबला. सकाळी सातच्या सुमारास पाणी पार मागे हटलं आणि तो मांडीभर चिखलात उतरला. त्याच्या घरची जुनी रीत होती. बूड फोडलेलं मडकं चिखलात रोवायचं, आत भरलेलं पाणी तीनदा उपसून टाकायचं, चौथ्यांदा भरेल ते प्यायचं. घाई केली तर वरचं खारं तोंडात येतं.

मडकं दोनदा कलंडलं. तिसऱ्यांदा त्याने ते खांद्यापर्यंत हात घालून बसवलं आणि करवंटीने उपसू लागला. थंडीने त्याचे ओठ काळे पडले होते. दोनदा उपसल्यावर साहेबांनी मीटर पुढे केला. धाकूने तो हाताने बाजूला सारला, म्हणाला, अजून एकदा. तिसऱ्यांदा उपसल्यावर मडक्यात पाणी परत चढायला बराच वेळ लागला. भरती यायची वेळ होत आली होती.

मग त्यानेच मीटर आत धरला. काटा गोड्या बाजूला जाऊन स्थिर राहिला. साहेबांनी बोट बुडवून चाखलं, पुन्हा चाखलं. फुली रबराने खोडली आणि तिथे शाईने गोल काढला.

मी तीस वर्षं अंगमेहनत केली. काम हातात असताना साहेबाचा हात बाजूला सारणारा माणूस मी तो एकच पाहिला.

साहेबांनी नकाशावर गावामागच्या टेकडीपासून त्या गोलापर्यंत रेघ ओढून तो कागद धाकूच्या हातात दिला. त्या रेघेवर, काठापासून दीडशे पावलं वर, गावाने उन्हाळ्यात खणलं. सोळा हातांवर गोडं पाणी लागलं. खणणारे हात सगळ्या गावाचे होते. विहिरीत उतरवलेल्या सिमेंटच्या रिंगा धाकूच्या अठरा दिवसांच्या मजुरीतून आल्या.